टाकण्यापूर्वी पाहावे : सांडपाणी, कचरा आणि जीवसृष्टी

विनयपिटकात भिक्षू-भिक्षुणींच्या दैनंदिन वर्तनाचे जे बारीकसारीक नियम सांगितले आहेत, त्यांतील काही नियम केवळ 'टाकण्या'विषयी आहेत. भिक्षुणीने मलमूत्र, केरकचरा किंवा उष्टे भिंतीपलीकडे फेकू नये, हिरव्या पिकावर टाकू नये. भिक्षूने जीव असलेले पाणी गवतावर किंवा मातीवर ओतू नये, पाण्यात थुंकू नये. भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्र यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे फडकेही आहे. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात न स्वीकारलेले अन्न टाकून देण्याचा प्रसंग येतो, तेव्हा जेथे हिरवळ नाही अशा जागी ते टाकावे किंवा ज्यात जीव नाहीत अशा पाण्यात सोडावे, असे तथागत सांगतात. अन्न टाकावे लागते, हे तेथे नाकारलेले नाही. मात्र टाकणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा आहे. मी जेथे हे टाकतो आहे तेथे कोण जगते?

हाच प्रश्न पुढे राजशासनात उतरला. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यानंतर, संरक्षित प्राण्यांची यादी दिली आहे. तीत पोपट, मैना, वटवाघळे, कासवे यांच्याबरोबर मुंग्यांची राणीही आहे. त्याच लेखात एक लहानशी आज्ञा आहे : ज्या भुशात जीव आहेत तो भुसा जाळू नये. वर्गात हा लेख शिकवताना विद्यार्थी या आज्ञेवर हमखास हसतात. एवढ्या मोठ्या सम्राटाला भुशाची काळजी कशाला, असे त्यांना वाटते. आम्ही त्यांना सांगतो की भुसा म्हणजे खळ्यावरचा कचरा. त्या कचऱ्यातही जीव आहेत, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने पाहिले आणि दगडावर कोरून ठेवले. आजचे खळे म्हणजे कारखाना, वीजनिर्मिती केंद्र आणि महानगर. त्यांचा भुसा म्हणजे सांडपाणी, गाळ, राख आणि कचऱ्याचे डोंगर.

प्रस्तुत लेखासाठी आम्ही हा विषय निवडला याला एक विशेष कारण आहे. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज औद्योगिक वसाहतींत, महापालिकांच्या मलनिःसारण खात्यांत, कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया विभागांत नोकरीस आहेत. कित्येकांच्या आईवडिलांनी उभे आयुष्य सफाईच्या कामात काढले. अनेक कुटुंबे कचरा टाकण्याच्या जागांच्या कडेला वसलेली आहेत. तेव्हा या जागांवरील जीवसृष्टीचे रक्षण हा केवळ पक्षिनिरीक्षकांचा विषय नसून आपल्याही घरचा विषय आहे.

विटाळ आणि प्रदूषण

भारतीय समाजाला 'घाण' या शब्दाचा खरा अर्थ समजण्यास फार काळ लागला, आणि तो पूर्णपणे समजला आहे असे आजही म्हणता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागे हजारो स्त्रीपुरुषांनी पाण्याला स्पर्श केला. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात रित्या केल्या. माणसाच्या ओंजळीने पाण्याचे काहीही बिघडले नव्हते. पाण्यात सेंद्रिय घाण गेली ती शुद्धीकरणाच्या नावाने. रसायनशास्त्राचा विद्यार्थी आज सांगेल की शेण, दूध, दही पाण्यात कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात.

विटाळ ही मनातील कल्पना आहे. प्रदूषण ही मोजता येणारी वस्तुस्थिती आहे. आपल्या समाजाने शतकानुशतके विटाळ पाळला आणि प्रदूषणाकडे दुर्लक्ष केले. याचा परिणाम असा झाला की जी जागा 'घाणेरडी' ठरली तिच्याकडे पाहण्याचेच सोडून देण्यात आले. गावाची घाण जेथे जाई तेथेच काही माणसांना वसण्यास भाग पाडले गेले. शहरांनी गावकुसाची ही रीत मोडली नाही, उलट ती मोठ्या प्रमाणावर चालवली.

शुद्धीकरणाचे खरे कामगार

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाणी स्वच्छ कोण करते? पंप, मोटारी, हवा मिसळणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे ही साहाय्यक होत. प्रत्यक्ष काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात, त्या जिवाणूंना आदिजीव खातात, आदिजीवांवर आणखी थोडे मोठे सूक्ष्मप्राणी जगतात. यंत्रे पाण्यात हवा घुसळतात ती या सर्वांना श्वास घेता यावा म्हणून. अनुभवी तंत्रज्ञ टाकीतील पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि त्यातील जीव पाहून केंद्राची तब्येत सांगतो.

यावरून पहिला धडा मिळतो. अशा केंद्रांत जैवविविधता ही शोभेची बाब नसते. केंद्राचे कामच तिच्यावर चालते. एखाद्या कारखान्याने तीव्र आम्ल, सायनाईड किंवा जड धातूंचे पाणी प्रक्रिया न करता सामायिक वाहिनीत सोडले, तर सर्वप्रथम हे सूक्ष्म कामगार मरतात. मग शेकडो घरांचे आणि कारखान्यांचे पाणी तसेच पुढे नाल्यात, नदीत, खाडीत जाते.

दुसरा धडा असा की सर्व घाण एका जातीची नसते. घरगुती सांडपाण्यातील बहुतेक द्रव्य निसर्गाला पचते, कारण ते निसर्गातूनच आलेले असते. पारा, कॅडमियम, क्रोमियम, शिसे हे पचत नाहीत. गाळातून शेवाळात, शेवाळातून कोळंबीत, कोळंबीतून माशात, माशातून पक्ष्यात आणि माणसात ते चढत जातात. पारा तर दर पायरीला अधिकाधिक साठत जातो. पचणारी घाण आणि न पचणारे विष एकाच वाहिनीत मिसळणे, हा औद्योगिक सांडपाण्याच्या व्यवस्थापनातील सर्वांत मोठा अपराध होय.

ठाण्याची खाडी : दोन काठांचा इतिहास

या दोन्ही धड्यांचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ठाण्याची खाडी. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. शहरातील कचरा वस्तीपासून दूर हलवण्याची निकड त्यानंतर तीव्र झाली आणि पूर्वेकडील चेंबूर-देवनारच्या दलदलीच्या जागेकडे नगरपालिकेचे लक्ष गेले. कचरा वाहून नेण्यासाठी रेल्वेगाड्या धावू लागल्या. देवनारच्या कचराभूमीची सुरुवात मात्र सामान्यतः १९२७ या वर्षापासून सांगितली जाते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचेही वर्ष तेच. एकीकडे काही माणसे पाण्यावरचा हक्क मागत होती, आणि दुसरीकडे मुंबईचा कचरा कोठे जाईल आणि त्याच्या शेजारी कोण राहील, हे ठरत होते. हा निव्वळ योगायोग आहे हे आम्ही जाणतो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांस वाटते.

खाडीच्या पश्चिम काठावर पुढे मुलुंड आणि कांजूरमार्ग येथेही कचराभूमी झाल्या. घाटकोपर व भांडुप येथे सांडपाण्याचे तलाव झाले. पूर्व काठावर साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला. म्हणजे एका काठाने महानगराचे मलमूत्र व कचरा, दुसऱ्या काठाने रसायने, आणि मध्ये भरती-ओहोटीची खाडी. जिताडा, कोळंबी, चिंबोरी आणि निवटी यांवर जगणाऱ्या कोळी बांधवांना या बदलाची किंमत सर्वांआधी मोजावी लागली.

अशा या खाडीत नव्वदच्या दशकापासून एक अनपेक्षित पाहुणा मोठ्या संख्येने येऊ लागला. तो म्हणजे रोहित पक्षी, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात. हिवाळ्याच्या तोंडाला हे थवे येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. कच्छच्या रणात यांची वीण होते. खाडीवरील त्यांची संख्या पुढे लाखावर गेली. यांत बहुसंख्य धाकटे रोहित असतात. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे निळे-हिरवे सूक्ष्म शेवाळ. त्यातील रंगद्रव्यांमुळेच त्यांना गुलाबी रंग चढतो. शेवाळाला खत लागते नत्र आणि स्फुरद यांचे, आणि महानगराच्या सांडपाण्यात या दोहोंना तोटा नाही. २०१५ साली राज्य शासनाने या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला आणि २०२२ साली ठाणे खाडीचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सांडपाणी खाडीला हितकारक आहे. हा निष्कर्ष अर्धवट आणि म्हणून घातक आहे. शेवाळ खाणाऱ्या पक्ष्याला जे मानवते, ते माशाला मानवेलच असे नाही. खत प्रमाणाबाहेर गेले की शेवाळ कुजते, प्राणवायू संपतो आणि तळाचे जीव मरतात. शिवाय पक्ष्याला शेवाळाबरोबर गाळातील धातू मिळत नाहीत, याची हमी कोण देणार? लाखभर गुलाबी पक्षी हे खाडी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. आपण जिला गटार समजलो तिच्यात अजून जीव आहे, आणि तो वाचवण्याची संधीही अजून आहे, एवढेच ते पक्षी आपल्याला सांगतात.

ही संधी किती नाजूक आहे हे नेरूळच्या डीपीएस तलावाने दाखवून दिले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या, तलाव सुकू लागला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. कोणी त्यांची शिकार केली नव्हती. केवळ पाण्याची वाट अडली होती. नागरिकांनी पाठपुरावा केला आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली.

आणि पक्ष्यांचे कौतुक करताना काठावरची माणसे दृष्टीआड होऊ नयेत. देवनारच्या कचराभूमीला लागून असलेला एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत खालच्या स्थानी होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली आणि धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला. महापालिकेला त्या परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जीव असलेला भुसा जाळू नये, ही अशोकाची आज्ञा त्या दिवसांत आम्ही वर्गात पुन्हा वाचली, तेव्हा कोणीही हसले नाही.

पूर्व कोलकाता : सांडपाण्याची शेती

महानगराची घाण आणि जीवसृष्टी एकत्र नांदू शकतात काय? याचे उत्तर शोधताना ठाण्याच्या खाडीकडून पूर्व कोलकात्याकडे वळावे लागते. त्या शहराच्या भूमीचा उतार पश्चिमेच्या हुगळी नदीकडे नसून पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी कालव्यांवाटे पूर्वेच्या दलदलीत जाते. तेथील मच्छीमारांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक पद्धत विकसित केली. उथळ तळ्यांत, ज्यांना ते 'भेरी' म्हणतात, सांडपाणी बेताबेताने घ्यायचे, उन्हात राहू द्यायचे. ऊन आणि शेवाळ मिळून पाण्यातील रोगजंतू कमी करतात, शेवाळ खत शोषते, मासे शेवाळ खातात आणि शहर मासे खाते. कडेला जलपर्णी ठेवतात. ती लाटांपासून बांध राखते व काही धातूही शोषून घेते. पाणी केव्हा घ्यावे, किती घ्यावे, हे तेथील कामगार पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवतात. शेजारच्या धापा येथे जुन्या कचऱ्याच्या मातीत भाजीपाला पिकतो.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ध्रुवज्योती घोष या शासकीय अभियंत्याने या व्यवस्थेचा अभ्यास करून जगापुढे मांडले की कोलकात्याला वेगळे, खर्चिक प्रक्रिया केंद्र न बांधता जे काम करून मिळते, ते या तळ्यांमुळे आणि तेथे राबणाऱ्या निरक्षर मानल्या गेलेल्या माणसांमुळे. १९९२ साली कोलकाता उच्च न्यायालयाने या पाणथळ भूमीवर बांधकाम करण्यास मनाई केली आणि २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासे येथून निघतात. दलदलीतील मुंगसाचा एक प्रकार तर शास्त्राला येथूनच १९६५ साली परिचित झाला.

या व्यवस्थेला धोका आला तो दोन बाजूंनी. एक, बांधकामासाठी भराव. दोन, औद्योगिक विष. टांग्रा, टोपसिया भागांतील कातडी कमावण्याच्या कारखान्यांतून क्रोमियमयुक्त पाणी याच कालव्यांत जात होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहराबाहेर, सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय असलेल्या जागी हलवण्याचा आदेश दिला. चामड्याचे काम देशभर कोणाच्या माथी मारले गेले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. त्या कारखान्यांत उघड्या हातांनी क्रोमियमच्या हौदात कातडी बुडवणारा कामगार आणि ते पाणी पोटात जाणारा मासा, दोघेही एकाच विषाचे बळी होत. कामगाराच्या हातमोज्यांचा विचार न करणारा मालक माशाचा विचार करील, ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

गिधाडे आणि आपण

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे आम्ही आवश्यक समजतो. काही सुशिक्षित मंडळी खासगीत म्हणतात की पूर्वी गावात मेलेली ढोरे ओढण्याची व्यवस्था होती, गावाबाहेर ती फाडली जात, गिधाडे ती फस्त करीत. तुम्ही ते काम सोडले आणि निसर्गाची साखळी तुटली. हा आरोप इतिहास आणि विज्ञान या दोन्ही कसोट्यांवर खोटा ठरतो.

मृत जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार १९२७ च्या महाड परिषदेत झाला आणि ढोरे ओढणे नाकारण्याची चळवळ त्यानंतर गावोगाव पसरली. ज्यांनी हे काम नाकारले त्यांच्यावर बहिष्कार पडले, पण ते मागे फिरले नाहीत. त्यानंतरही साठ-पासष्ट वर्षे या देशात गिधाडे मुबलक होती. त्यांचा नाश झाला तो नव्वदच्या दशकात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्याचे कारण २००४ साली सिद्ध झाले : जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

सारांश, गिधाडे माणसांच्या स्वाभिमानाने मेली नाहीत. ती औषधाच्या विषाने मेली. जैवविविधता राखण्यासाठी कोणाला तरी गुलामीत ठेवावे लागते, हा विचार आपण कधीही मान्य करू नये. जी व्यवस्था माणसाच्या अपमानावर उभी असते, ती पशुपक्ष्यांचेही रक्षण शेवटपर्यंत करीत नाही.

एका माजी विद्यार्थ्याची रात्र

काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. तो एका रासायनिक कारखान्यात सांडपाणी विभागात पाळीवर काम करीत असे. जेवण झाल्यावर बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "सर, एक गोष्ट सांगायची होती. जोराचा पाऊस असला की आम्हांला वरून फोन येतो, टाकीचा व्हॉल्व्ह नाल्याकडे उघडा. पावसात कळत नाही कोणाचं पाणी. एकदा सकाळी पाळी सुटल्यावर नाल्यावरून चालत आलो. मासे उलटे पडले होते. एक पोरगा ते टोपलीत भरत होता, खायला. मी त्याला नको म्हणालो. त्यानं विचारलं, का? मला काही सांगता आलं नाही."

आम्ही त्याला काय उत्तर द्यावे? त्याच्या पगारावर सहा माणसे जगत होती. पंचशील आम्हीच त्याला शिकवले होते. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे, आणि आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका ही रोजीरोटीविषयी. पुस्तकातील उत्तर सोपे होते, समोर बसलेल्या माणसाचे सोपे नव्हते. त्या रात्री आम्ही एवढेच म्हणालो की जो प्रश्न त्या मुलाने तुला विचारला, तो तू विसरला नाहीस, हे चांगले आहे. परंतु हे उत्तर अपुरे होते याची जाणीव आम्हांस आजही आहे. एकट्या कामगाराच्या सदसद्विवेकावर नदीचा भार टाकता येत नाही. त्याच्या पाठीशी संघटना हवी, कायदा हवा आणि समाज हवा. 'संघटित व्हा' याचा एक अर्थ हाही आहे.

करावयाचे काय

अभ्यासलेख केवळ खेद व्यक्त करून संपू नये. म्हणून काही व्यवहार्य सूत्रे वाचकांपुढे ठेवतो.

१. विष उगमाशीच अडवावे. प्रत्येक कारखान्याने आपले न पचणारे द्रव्य आपल्या आवारातच वेगळे करावे. सामायिक केंद्रात ते गेल्यानंतर वेगळे करणे कठीण आणि महाग असते. घरगुती कचऱ्यातही बॅटऱ्या, औषधे, रंगांचे डबे ओल्या कचऱ्यात मिसळू नयेत.

२. पाण्याची वाट मोकळी ठेवावी. खाडीकाठच्या तलावांत भरती-ओहोटी चालू राहिली पाहिजे. रस्ता, भिंत किंवा भराव घालण्याआधी पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे पाहिले पाहिजे.

३. कडा जपाव्यात. प्रक्रिया तलावाच्या आणि राखेच्या बांधाच्या कडेला स्थानिक गवत, लव्हाळे, झुडपे राहू द्यावीत. सगळीकडे काँक्रीट ओतू नये. खाडीत तिवरांचा पट्टा राखावा. गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे ही कामे पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळून करावीत. शेकाट्या उघड्या जमिनीवर, पाण्याच्या कडेलाच अंडी घालतो. एक जेसीबी अख्खी वीण एका सकाळी संपवतो.

४. जाळू नये. ओला कचरा उगमाशीच वेगळा झाला तर कचराभूमीत मिथेन वायू कमी तयार होतो आणि आगीही कमी लागतात. उघड्यावरचे उष्टे आणि मांसाचे तुकडे कमी झाले तर घारी आणि भटकी कुत्री यांची अनैसर्गिक गर्दीही ओसरते.

५. खोऱ्याचा विचार करावा. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला चालना दिली. ३ जानेवारी १९४५ रोजी त्याविषयीची परिषद कोलकात्यातच भरली होती. नदीचा विचार तुकड्यांनी न करता संपूर्ण खोऱ्याचा एकत्र करावा, पूर, शेती, वीज, वाहतूक यांचे नियोजन एकाच वेळी व्हावे, ही त्यामागची दृष्टी होती. त्या यादीत आज आपण सांडपाणी आणि जीवसृष्टी यांची भर घातली पाहिजे. एका केंद्राचे कुंपण रंगवून आणि आत बगीचा करून नदी वाचत नाही.

६. माणूस आधी. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ सालचा आहे. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या वारसांना तीस लाख रुपये द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. तरीही माणसे गटारात उतरवली जातात आणि मरतात. ज्या वाहिनीत माणूस गुदमरतो त्या वाहिनीच्या मुखाशी मासा जगेल कसा? कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्र, हातमोजे, आरोग्यसेवा आणि वर्गीकरणाच्या कामात हक्काचे स्थान मिळाले, तर कचराभूमीत जाणारा कचराच कमी होईल. कोणता कचरा कोठून येतो, याचे त्यांच्याइतके ज्ञान कोणाही सल्लागाराकडे नाही.

७. नोंद ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. या नोंदवहीत देवराई, डोंगर, तळे येतात. नाला आणि कचराभूमी बहुधा येत नाहीत. आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. जवळच्या नाल्यावर वर्षातून चार वेळा जावे, पाण्याचा रंग, वास, दिसलेले पक्षी, बेडूक, चतुर, मासे लिहून ठेवावेत. दहा वर्षांची अशी वही हा न्यायालयातही उपयोगी पडणारा पुरावा ठरेल. इतिहासाच्या शिक्षकाचा अनुभव असा आहे की ज्याची नोंद नाही, ते नव्हतेच असे पुढे म्हटले जाते. आपल्या पूर्वजांच्या बाबतीत हेच घडले.

समारोप

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ साली केला, केंद्राचा कायदा १९७४ साली आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. ही कलमे बाबासाहेबांच्या मूळ मसुद्यात नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या कर्तव्यात प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगण्याचाही समावेश आहे, आणि प्रज्ञा, करुणा व समता या तत्त्वांसाठीच बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला होता. कायदा आला तेव्हा तो आपल्या धम्माला परका नव्हता.

आमच्या त्या विद्यार्थ्याने पुढे ती नोकरी सोडली. आता तो एका नगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्रात आहे. मागील वर्षी त्याने आम्हांस केंद्राच्या तलावाकाठी घेतलेले एक छायाचित्र पाठवले. त्यात शेकाट्याची दोन पिल्ले होती, आणि मागे बांधाच्या दुरुस्तीसाठी आणलेली खडी तशीच पडून होती. खाली त्याने लिहिले होते, "सर, काम पंधरा दिवस पुढे ढकललं."